फील्ड प्रोजेक्ट गावातच व्हावा

बारावी कोणत्याही शाखेची असो, बी.ए.ला समाजशास्त्र घेता येते. खानदेशात हा विषय घेणाऱ्यांत शेतकरी, शेतमजूर आणि आदिवासी घरांतली मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. घरातून पदवीपर्यंत पोहोचणारी अनेकदा तीच पहिली. स्पर्धा परीक्षेला उपयोगी, म्हणून घे, असे त्यांना सांगितले जाते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा आहे आणि तो मराठीतून लिहिता येतो, हे खरे. पण एवढ्यासाठीच तो शिकवायचा, तर त्याचा जीवच हरवतो.

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी किमान 120 क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स 160ची. संशोधनासह ऑनर्स करायची तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत. मेजर, मायनर, खुले वैकल्पिक विषय, ऑन-जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट. कागदावर पर्याय भरपूर आहेत. साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या मुलीची निवड मात्र जवळच्या महाविद्यालयात कोणत्या विषयाला शिक्षक आहे आणि परतीची एस.टी. किती वाजता सुटते, यावर ठरते. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय तर आम्हाला धास्तावते. लग्न जमले की मुलीचे शिक्षण थांबवणाऱ्यांना ती आयती सबब ठरेल.

या सगळ्यात फील्ड प्रोजेक्टची तरतूद मोलाची आहे, कारण अभ्यासाचे विषय इथे दारातच आहेत. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या 842. केळीच्या पैशाने समृद्ध झालेल्या जिल्ह्यात असे का व्हावे? कोयता घेऊन कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे आणि मुलांच्या शाळेचे काय होते? साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखले, ते गावाने कोणते नियम पाळून? 1970च्या दशकात शहादा परिसरातल्या भिल्ल शेतमजुरांनी आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या साथीने हातची गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी लढा दिला. त्या पिढीतली मोजकीच माणसे आज उरली असतील. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवायला अहिराणी, भिलोरी, पावरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांइतके योग्य कोण? वि. का. राजवाडे यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास जुन्या ग्रंथांतून धुंडाळला. त्यांचे दप्तर जपणारे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. कागद जपण्याची परंपरा आपल्याकडे आहे. माणसांचे बोलणे जपण्याची व्यवस्था अजून उभी करायची आहे.

ही संधी झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या तयार फाइलींवर वाया जाता कामा नये. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाने एका वर्गाच्या साऱ्या मुलांना गावोगाव न्यावे, ही अपेक्षाही अन्यायाची आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने या प्रकल्पांसाठी प्रवासखर्चाची तरतूद करावी, बोलीतल्या मुलाखती मूळ रूपात स्वीकाराव्यात आणि चांगले अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमचे जतन करून ज्या गावांनी माहिती दिली, त्या ग्रामपंचायतींकडेही एकेक प्रत पाठवावी. शासनाने समाजशास्त्राच्या प्राध्यापकांच्या रिक्त जागा पुढच्या प्रवेशप्रक्रियेआधी भराव्यात.