कानस खाली ठेवा, अर्ज हाती घ्या

निवडणुकीची आचारसंहिता उठते, पोलीस ठाण्यात जमा केलेली परवान्याची शस्त्रे परत मिळू लागतात आणि आमच्या टेबलावर पत्रांचा ढीग साचतो. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पूर्णा, सोनपेठ. परभणी जिल्ह्यातले गाव कोणतेही असो, गाऱ्हाणे तेच. जमा करताना पिस्तूल ठणठणीत होते, परत आले ते गंजून. त्याबद्दल आम्ही याआधीही लिहिले आहे. या खेपेला मात्र बऱ्याच पत्रांच्या शेवटी एक नवे वाक्य आले आहे: "शेवटी घरीच दुरुस्त केले." आजचे संपादकीय त्या वाक्यामुळे लिहावे लागत आहे.

एका वाचकाने छायाचित्रे पाठवली आहेत. सरकारी आयुध कारखान्याचे .32 बोअरचे पिस्तूल. ठाण्यात ते कातडी होल्स्टरसकट ठेवून घेतले आणि तसेच परत दिले. कातडे ओल धरते, शिवाय कमावतानाचे क्षार त्यात उरलेले असतात. त्यामुळे होल्स्टरची शिवण जिथे टेकली होती तिथे स्लाइडवर गंजाची सरळ रेघ उमटली आहे. मुठीच्या पट्ट्यांखाली तांबूस पापुद्रे धरले आहेत. या गृहस्थांनी पॉलिश पेपर घेऊन सगळे घासून काढले. गंज गेला, सोबत ब्ल्यूइंगचा गंजरोधक थरही गेला आणि क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पुसट झाले. एवढे खोललेच आहे तर चापही हलका करू, म्हणून त्यांनी सीअरला, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या भागाला, कानस लावली. पत्रात हे सारे त्यांनी मोठ्या हौसेने लिहिले आहे.

त्यांना आणि त्यांच्यासारख्या सर्वांना आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 मध्ये 'निर्मिती' आणि 'विक्री' यांच्याच रांगेत 'दुरुस्ती' आणि 'फेरबदल' हे शब्द आहेत. तुमचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, दुरुस्त करण्याचा नाही. 2019 च्या दुरुस्ती कायद्यानंतर कलम 5 च्या भंगाला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. ज्या लेथवाल्याकडून तुम्ही ओळखीवर फायरिंग पिन वळवून घेता, तो गरीबही त्याच कलमात सापडतो. क्रमांकाचे तर आणखी कठीण. कलम 8 प्रमाणे शस्त्रावरचा क्रमांक खोडलेला आढळला, तर तो ज्याच्या ताब्यात शस्त्र आहे त्यानेच खोडला, असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. गंज कोणाच्या कपाटात चढला, हे तिथे कोण ऐकणार?

कायदा बाजूला ठेवला तरी धोका टळत नाही. सीअर आणि घोड्याची खाच एकमेकींवर ज्या कोनात बसतात, तो कोन कारखान्यात ठरवलेला असतो आणि तिथला पृष्ठभाग तापवून कडक केलेला असतो. तो कडक थर कानशीने निघून गेला तर आतला मऊ भाग झिजू लागतो. सुरुवातीला चाप लोण्यासारखा वाटतो. मग एके दिवशी स्लाइड पुढे येते, घोडा आपोआप पडतो आणि चापावर बोट नसताना गोळी सुटते. साध्या लोखंडाची फायरिंग पिन बसवली तर काडतुसाची टोपी फुटून गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येण्याची भीती. नेमबाजीच्या नावाखाली हे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की नेमबाज राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारातही चाप ओढायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागावा लागतो आणि तो वजन लावून तपासला जातो. स्पर्धेच्या पिस्तुलाला चाप कमी-जास्त करण्याची सोय कारखान्यातूनच मिळते. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाला ती नसते, आणि तशी ती नाही यामागे कारण आहे.

आता प्रशासनाकडे वळू. परवानाधारकाच्या हाती कानस आली, ती हौसेइतकीच नाइलाजानेही आली. परवानाधारक कारागीर गाठायचा म्हणजे आमच्या वाचकांना पुण्याची वाट धरावी लागते. हैदराबादला जावे, तर परवाना महाराष्ट्रापुरता; सीमा ओलांडली की तोच गुन्हा. परभणी 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होती, अनेक घरांतल्या जुन्या बारा बोअर बंदुका त्याच शहरातून आलेल्या आहेत. आज त्यांचा साधा एक्स्ट्रॅक्टर बदलायला तिकडे नेता येत नाही. परवानगीसाठी अर्ज केला तर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि तोवर पुढची निवडणूक येते.

खरे म्हणजे ही सगळी शस्त्रे सरसकट जमा करण्याचे कारणच नाही. गोव्यातील गोविंद ऊर्फ भाई गणेश तिळवे यांच्या 2009 च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्यावरून निवडणूक आयोगाने त्याच वर्षी सूचना काढल्या. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले अशांची प्रकरणे प्रामुख्याने तपासावीत. जमा शस्त्राची रीतसर पावती द्यावी. सुरक्षित ताब्याची पक्की व्यवस्था करावी. निकालानंतर आठवडा उलटताच शस्त्र परत करावे. इतके सगळे लेखी असताना तालुक्याला काय येते? ठाण्यातून फोन: "उद्यापर्यंत आणून टाका." ना छाननी, ना कारण. 2024 मध्ये 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, 15 ऑक्टोबरला विधानसभेची. एका वर्षात दोनदा जमा, दोनदा परत. ऑक्टोबरात रानात कापूस आणि तूर उभी, रानडुकरांचा उपद्रव ऐन भरात, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक ठाण्याच्या कोपऱ्यात. बँकेच्या दारात पहारा करणाऱ्या माजी सैनिकाची बंदूक तर त्याची भाकरी आहे.

आणि पावती? आमच्याकडे आलेल्या बहुतेक पावत्यांवर नाव, परवाना क्रमांक, शस्त्र क्रमांक आणि सही. शस्त्र कोणत्या स्थितीत घेतले, याबद्दल एक अक्षर नाही. मग परत घेताना भांडायचे कशाच्या बळावर? 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि त्यात शस्त्राची निगा कशी राखावी हेही शिकवले जाते. नागरिकाला निगा शिकवणाऱ्या सरकारने आपल्या ताब्यातल्या शस्त्राला तेलाचा एक हात फिरवू नये, हे आम्हाला मान्य नाही. कर्मचारी कमी आहेत, जागा कमी आहे, हे आम्ही जाणतो. पण कोरडे कपाट, तेलाची बाटली आणि पावतीवर स्थितीचा एक रकाना, यांसाठी मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

पण आपल्या परवानाधारकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. मागच्या वेळी छाननी समितीकडे अर्ज करा म्हणून याच पानावर विनंती केली होती. केले किती जणांनी? बोटांवर मोजण्याइतक्यांनी. साहेबांशी वाकडे कशाला, म्हणून बाकीचे गप्प बसले. आणि तेच लोक रात्री दार लावून कानस चालवतात. ज्यात हक्क आहे तिथे भीती आणि ज्यात गुन्हा आहे तिथे हिंमत, हा उलटा कारभार बंद झाला पाहिजे.

म्हणून यापुढे हे करा. जमा करण्याची सूचना लेखी मागा आणि त्याच दिवशी छाननी समितीकडे अर्ज देऊन पोच घ्या. देण्याची वेळ आलीच तर पिस्तूल होल्स्टरमधून काढा, पुसून तेलाचा हात द्या, दोन्ही बाजूंची आणि क्रमांकाची छायाचित्रे काढा, पावतीवर स्थिती लिहून घ्या. लिहून दिली नाही तर तसा अर्ज टपालाने पाठवा. परत घेताना ठाण्यातच, अंमलदारासमोर तपासा आणि गंज असेल तर तिथेच लेखी तक्रार द्या. घरी आल्यावर कारखान्याच्या पुस्तिकेत जेवढे खोलायला सांगितले आहे तेवढेच खोला, मऊ कापड आणि तेल वापरा. क्रमांकाला पॉलिश पेपर लावू नका. पुढचे काम परवानाधारक कारागिराचे.

आणि एक मागणी आपण सर्वांनी मिळून करू. शस्त्रे परत देण्याच्या आठवड्यात जिल्हा मुख्यालयी परवानाधारक कारागिराला बोलावून पोलिसांच्या देखरेखीखाली तपासणी-दुरुस्तीचे दोन दिवस ठेवावेत. खर्च परवानाधारक देतील. या मागणीचे निवेदन आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना देत आहोत. त्याखाली प्रत्येक तालुक्यातून सह्या हव्यात, पूर्ण नावाने आणि परवाना क्रमांकासह. या महिनाअखेरपर्यंत पाठवा.