बारा हजार वॅटचा डबा आणि दहा बाय बाराची खोली

पोस्ट लांब आहे. पण घरात पहिली साऊंड सिस्टीम घ्यायचा विचार असेल तर आधी वाचा, मग पैसे टाका.

परवा गल्लीतलं एक लेकरू घरी आलं. एमआयडीसीत नुकतंच कामाला लागलंय. "काका, चला, पहिल्या पगारावर सिस्टीम घेतली, ऐकायला या." गेलो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. कोपऱ्यात कमरेएवढे दोन डबे, लाल-निळे लाईट. खोक्यावर मोठ्या अक्षरात : 12000 वॅट पीएमपीओ. पोरानं गाणं लावलं आणि पत्रे वाजायला लागले. गाणं नाही, पत्रे. गायक काय म्हणतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी डबा फिरवून मागचं स्टिकर वाचलं. वीज लागते 80 वॅट.

आता आपण परभणीची माणसं, मोटारीचा हिशोब आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे साधारण 3700 वॅट. अशा तीन मोटारी एकदम चालू केल्या तरी बारा हजार वॅट होत नाहीत. 230 व्होल्टवर बारा हजार वॅट म्हणजे 52 अँपिअर. त्या पोराच्या घरातला एमसीबी पहिल्याच ठेक्याला पडला असता. 80 वॅट खाणारा डबा बारा हजार वॅट बाहेर टाकतो म्हणे! पाच लिटर दूध देणाऱ्या म्हशीखाली पाचशे लिटरचा कॅन लावून फोटो काढल्यासारखं आहे हे.

हे पीएमपीओ म्हणजे काय? डोळ्याची पापणी लवायच्या आत येणाऱ्या एखाद्या झटक्याचा कागदावरचा आकडा. तो कसा मोजायचा याचं ठरलेलं मापच नाही, त्यामुळे कंपनीला वाटेल तो आकडा छापता येतो. सलग किती ताकद मिळते ते सांगणारा आकडा म्हणजे आरएमएस. तो खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. या डब्यावर तो होता 40 वॅट. पोरगं अजून दहा महिने हप्ते भरणार आहे, बारा हजाराच्या नावाने, चाळीसचे.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "भाऊ, गिऱ्हाईक वॅटच विचारतं." खरंय. आणि गिऱ्हाईकाला वॅट विचारायला कुणी शिकवलं? सणाच्या तोंडावर पान-पानभर जाहिराती छापणाऱ्या आम्हीच. मी ज्या पेपरात काम करायचो तिथे याच विषयावर बातमी दिली होती. ती दिवाळी संपल्यावर छापून आली, दोन कॉलम, तीसुद्धा निम्मी कापून. पुरवणीत त्याच डब्यांची जाहिरात होती. मी गप्प बसलो. तो हिशोब माझ्याही नावावर आहे, म्हणून इथे लिहितोय.

आता कामाचं. साध्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण 85 डेसिबल आवाज मिळतो. एक वॅट! ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर ताकद दहापट लागते. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही बहुतेक वेळ दोन-चार वॅटवरच ऐकत असता. 20-25 वॅट आरएमएसचा चांगला अँप्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर, बस्स. त्याच्या पुढचे पैसे शेजाऱ्याला त्रास द्यायचे पैसे आहेत.

सबवूफर नको. पहिल्या सिस्टीमला तर नकोच. दहा फुटाच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा खर्ज अडकून घुमतो. तो आधीच फुगलेला असतो, त्यात कोपऱ्यात वूफर ठेवला की ढोलकी, बास गिटार, पखवाज सगळ्यांचा एकच 'भूं' होतो. स्पीकर कोपऱ्यातून काढा, भिंतीपासून फूटभर पुढे घ्या, उंची कानाएवढी ठेवा. दोन स्पीकर आणि तुम्ही असा सारख्या बाजूंचा त्रिकोण करा. फरशीवर सतरंजी टाका, समोरच्या भिंतीला जुनी गोधडी टांगा. आजीच्या गोधडीने जो फरक पडतो तो पाच हजार जास्त देऊन पडत नाही, खोटं वाटलं तर करून बघा. आणि आपल्याकडच्या लाईटचा भरवसा नाही, तेव्हा आधी अर्थिंग तपासून घ्या. निम्म्या लोकांची 'स्पीकर गुणगुणतोय' ही तक्रार तिथेच मिटते.

जुनं घ्यायला लाजू नका. कोलकात्याची सोनोडाईन, कॉस्मिक, असले भारतीय अँप्लिफायर अजून लोकांच्या माळ्यावर पडून आहेत. चांगला मेकॅनिक मिळाला तर ते बोलतात. नवीन कुठला घ्यायचा ते मी नाव घेऊन सांगणार नाही, उद्या कुणीतरी म्हणेल याला पाकीट मिळालं. दुकानात जाताना रोजचं ऐकण्यातलं गाणं मोबाईलमध्ये घेऊन जा. पंडित भीमसेन जोशींचं गाणं असेल तर मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतोय का बघा. प्रल्हाद शिंदेंचं असेल तर शब्द न् शब्द कळतोय का बघा. आवाज कमी ठेवून ऐका. वाईट स्पीकर मोठ्या आवाजात लपतो, हळू आवाजात उघडा पडतो. दुकानदार ऐकवायला तयार नसेल तर दुसरं दुकान.

आता कॉमेंटमध्ये येणार : "गरिबाच्या पोरानं जरा दणका ऐकला तर तुमचं काय जातं?" दादा, माझं काही जात नाही. जातात ते त्याचे पैसे आणि त्याचे कान. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, त्याच्या पुढे धोका. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं माप : 85 ला आठ तास, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे आपली पोरं किती तास नाचतात, तुम्हीच मोजा. हलगीही मोठी वाजते, पण वाजवणारा माणूस दमतो, थांबतो. डीजेचा जनरेटर दमत नाही. छातीत धडधडलं म्हणजे गाणं झालं, हे एकदा रस्त्यावर शिकलेलं पोर घरासाठीही तेच मागतं, आणि कंपनी त्याला 12000 चा आकडा छापून देते. धंदा एकच आहे.

कायदा आहे, झोपलेला आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम, राहत्या वस्तीत दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं, घरातल्या खासगी सिस्टीमलाही नियम आहे. तुमच्या हद्दीच्या कडेला आवाज त्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलच्या वर जायला नको. पोलीस ठाण्यात मोजायचं यंत्र आहे का, आणि असेल तर शेवटचं कधी बाहेर काढलं, हे मी माहिती अधिकारात विचारतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.

आणि खोक्यावरचा आकडा? ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. 80 वॅटच्या डब्यावर 12000 छापणं ही दिशाभूल नाही तर काय आहे, मला कुणीतरी समजावून सांगा. खोक्याचे चारही बाजूंचे फोटो काढा, बिल जपा, 1915 ला फोन लावा. त्या पोराची तक्रार मी बसून लिहून दिली आहे. दुकानदार रागावलाय, रागावू दे.

ज्याला छोट्या खोलीत साधी सिस्टीम कशी वाजते ते ऐकायचंय त्यानं रविवारी संध्याकाळी माझ्याकडे यावं. चहा मिळेल. आवाज मात्र शेजारच्या मावशींना विचारून ठेवलेला असतो, त्यांची नात बारावीला आहे.