पेंडीवर पोसलेला मासा

मालाडच्या मासळीबाजारात मढ-भाटीकडच्या बोंबील-मांदेलीशेजारी आंध्रच्या तळ्यांतून बर्फात आलेले रोहू-कटले मांडलेले असतात, आणि ‘पेंडीवर पोसलेल्या माशाला कसली चव’ असे म्हणत खाऱ्या मासळीला सरावलेले गिऱ्हाईक पुढे जाते. परंतु माशाची जात व खाद्याची घडण न पाहता दिलेला हा सरसकट निवाडा मला अन्यायाचा वाटतो.

रोहू प्रकृतीनेच शाकाहाराकडे झुकलेला असून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर तो उत्तम पोसतो. कोंड्याचा अतिरेक झाला, तर पोट चिरताच आतड्यांभोवती चरबीचा जाड थर दिसतो खरा. पण तो दोष पेंडीचा नव्हे, पाळणाऱ्याच्या हाताचा. पेण-अलिबागकडच्या जिताड्याचा मामला निराळा. लहान मासे व कोळंबी गिळणाऱ्या या जातीच्या खाद्यात सोयाबीन बेताबाहेर वाढविले, तर त्यातील पचनरोधक द्रव्ये, मेथिओनाइनची उणीव आणि फायटेटमध्ये अडकून हाडांना न लागणारा फॉस्फरस यांमुळे वाढ खुंटते. मात्र सोयाबीन नीट भाजून घेणे, उणे द्रव्य वरून घालणे आणि फायटेट फोडणारे विकर मिसळणे, हे इलाज आज उपलब्ध आहेत.

मांसाच्या गुणाविषयी अधिक सावध राहिले पाहिजे, कारण माशाच्या अंगची चरबी खाद्यातील तेलाचेच रूप घेते. खाद्यात वनस्पतितेल वाढल्यामुळे स्कॉटलंडच्या पाळीव सामन माशातील हृदयास हितकारक ओमेगा-3 स्निग्धाम्ले 2006 ते 2015 या काळात जवळजवळ निम्म्यावर आली. विक्रीपूर्वी काही आठवडे मत्स्यतेल दिल्यास ही तूट बरीच भरून निघते.

आणि पेंड टाळावयाची तर तिच्या जागी काय येणार? समुद्रातील लहान मासळी दळून केलेली भुकटी! महाराष्ट्र शासनाने 2023 साली 54 जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. परंतु भुकटीच्या कारखान्यात मासळी वजनावर खपते तोवर पिलांना अभय कोठून मिळणार? ज्या जवळ्यावर गरिबाच्या घरची भाकरी खाल्ली जाते, तो तळ्यातल्या माशाच्या तोंडी जावा, हे मला मुळीच मान्य नाही.

1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था मढसमोर, खाडीपलीकडे वेसाव्यास आहे. तिच्या सल्ल्याने शासनाने खाद्याच्या प्रत्येक गोणीवर पेंड, भुकटी व तेल यांचे प्रमाण नमूद करण्याचा दंडक घालावा, आणि तीच माहिती घाऊक बाजारातून मालाडच्या कोळणीच्या पाटीपर्यंत मासळीबरोबर पोहोचेल अशी तरतूद करावी.