घराघरांतील बेवारस पेटी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाहूनही सहस्रपटींनी सूक्ष्म असा फरक तेथे टिपला जाणार आहे. ज्या मराठवाड्याला ‘मागास’ हे विशेषण कायमचे चिकटवून ठेवण्यात काहींना धन्यता वाटते, त्या मराठवाड्याच्या दृष्टीने ही अभिमानाची बाब आहे. परंतु त्याच तालुक्यातील एखाद्या शिक्षकाच्या घरी, दूरचित्रवाणी संचाच्या मागे धूळ खात लुकलुकणारी जी छोटी पेटी आहे, तिच्यातील आज्ञावली शेवटची कधी तपासली गेली, हे सांगू शकणारा माणूस संपूर्ण जिल्ह्यात सापडेल काय?

ही पेटी म्हणजे राऊटर. जोडणी देणारा मुलगा एके दिवशी येतो, खिळा ठोकतो, पेटी टांगतो, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि निघून जातो. त्यानंतर त्या पेटीला कोणी वाली उरत नाही. पंखा घरघरला तर आपण वायरमनला बोलावतो. राऊटरची मात्र वायर काढून पुन्हा लावली की आपले समाधान होते. वास्तविक ती पेटी हा एक पूर्ण संगणक आहे. मुलाचा अभ्यास, वडिलांचे निवृत्तिवेतन, हळदीच्या पट्टीचे खात्यावर आलेले पैसे, सेवा केंद्रातून भरलेला पीकविम्याचा अर्ज, हे सारे तिच्यातूनच ये-जा करते.

या संगणकात दोष असला तर काय होते, हे समजून घ्यायचे तर डिसेंबर २०१४ कडे वळावे लागेल. ‘चेक पॉइंट’ या इस्रायली सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तेव्हा एक दोष जगापुढे आणला. ‘मिसफॉर्च्यून कुकी’ असे त्याला नाव दिले गेले. १८९ देशांतील किमान १ कोटी २० लाख उपकरणे त्यामुळे उघडी पडली होती. डी-लिंक, टीपी-लिंक, झायझेल, हुआवे, झेडटीई अशा अनेक नावांच्या पेट्यांत हा दोष होता. कारण वरचे कवच वेगवेगळे असले तरी आतील ‘रॉमपेजर’ हा आज्ञावलीचा तुकडा एकच होता.

दोषाचे स्वरूप हिंगोली-वसमतच्या माणसाला सहज कळेल असे आहे. मोंढ्यातील एका आडतीवर शून्यापासून नऊपर्यंत क्रमांक घातलेले दहा खण आहेत, अशी कल्पना करावी. माल आणणाऱ्याने चिठ्ठीवर खणाचा क्रमांक लिहायचा आणि हमालाने पोते त्या खणात टाकायचे. हमाल आज्ञाधारक, पण विचारशून्य. कोणी चिठ्ठीवर लाखाच्या घरातला क्रमांक लिहिला, तर ‘असा खण नाही’ असे तो म्हणत नाही. तो मोजत मोजत खण ओलांडतो, भिंत ओलांडतो आणि थेट मालकाच्या खतावणीवर पोते रिकामे करतो. त्या राऊटरच्या मेमरीत नेमके असेच दहा खण होते, प्रत्येकी चाळीस अक्षरांचे. बाहेरून येणाऱ्या चिठ्ठीवरील क्रमांक नऊच्या आत आहे की नाही, हे पाहण्याची तसदी आज्ञावली लिहिणाऱ्याने घेतली नव्हती. मग पासवर्ड विचारायचा की नाही, हे ज्या एका अंकावर ठरते, त्या अंकावरच परक्याला आपले पोते ओतता येत होते. त्यासाठी पासवर्ड ठाऊक असण्याची गरज नव्हती की घरात पाऊल टाकण्याचीही नव्हती. सेवादात्यांनी दूरवरून पेट्यांची व्यवस्था पाहण्यासाठी जे ७५४७ क्रमांकाचे दार ठेवले होते, ते असंख्य ठिकाणी साऱ्या जगासाठी सताड उघडे होते. चिठ्ठी तेथूनच आत जाई.

यापुढचा भाग अधिक संतापजनक आहे. ही आज्ञावली तयार करणाऱ्या ‘अलेग्रो’ या अमेरिकी कंपनीने २००५ मध्येच तो दोष दुरुस्त केला होता. नऊ वर्षे औषध कपाटात होते आणि रोगी बाजारात विकले जात होते. पेटी जोडणाऱ्याने जुनाच तुकडा वापरला, विकणाऱ्याने विचारले नाही, सेवादात्याने स्वस्तात घाऊक खरेदी केली आणि ग्राहकाला तर असा काही प्रश्न विचारता येतो हेच माहीत नव्हते. या साखळीतील दोषी कोण, असे विचारले की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

‘आमच्या घरात चोराला मिळणार तरी काय?’ हा मध्यमवर्गाचा आवडता युक्तिवाद. त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे. मार्च २०१४ मध्ये ‘टीम सिम्रू’ या संस्थेने तीन लाखांहून अधिक घरगुती व छोट्या कार्यालयांतील राऊटर परक्यांच्या ताब्यात गेल्याचे उघड केले. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी जी यंत्रणा असते, तिचा ठिकाणाच त्यांत बदलून टाकण्यात आला होता. बळी पडलेल्यांत भारतातील घरेही होती. तुम्ही बँकेचे नाव लिहायचे आणि कोठे नेऊन सोडायचे, हे तिसऱ्याने ठरवायचे! अशा वेळी संगणक बहुधा धोक्याची पाटी दाखवतो हे खरे; पण ती पाटी वाचून थांबणारे आपल्यापैकी किती?

जुलै २०१७ मध्ये तर प्रकार थेट आपल्या दाराशी आला. भारत संचार निगमच्या ग्राहकांचे मोडेम एकामागून एक मृतवत् झाले. सुमारे ६०,००० मोडेम बाधित झाल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ‘ब्रिकरबॉट’ नावाचा हा प्रकार पैसे चोरत नव्हता. तो उपकरणाची स्मृतीच पुसून त्याची वीट करीत होता. त्यासाठी मेमरीतील कोणता गहन दोष शोधण्याचीही आवश्यकता पडली नाही, कारण कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड तसाच ठेवलेला होता. निगमने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. म्हणजे सार्वजनिक कंपनीने पेटी दिली, तिचे दार उघडे ठेवले आणि घर फुटल्यावर कुलपाचा उपदेश मात्र ग्राहकाला!

आता घराच्या उंबरठ्याबाहेर पाहू. एप्रिल २०२२ मध्ये ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या संस्थेने असा अहवाल दिला की, लडाख सीमेनजीकच्या उत्तर भारतातील किमान सात राज्य भार प्रेषण केंद्रांना चिनी शासनपुरस्कृत गटाने लक्ष्य केले होते. चीनने नेहमीप्रमाणे इन्कार केला. आपल्या ऊर्जामंत्र्यांनी लडाखजवळील दोन प्रयत्न निष्फळ ठरल्याचे सांगितले. या आक्रमणाचे संचालन ज्यांच्या आडून झाले, ती यंत्रे कोणती होती? इंटरनेटला जोडलेले सामान्य कॅमेरे आणि चित्रमुद्रण पेट्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने या प्रकरणाचा माग काढताना ‘बोआ’ नावाच्या एका छोट्या आज्ञावलीकडे बोट दाखवले. तिचा विकास २००५ मध्येच थांबला होता, तरीही राऊटर आणि कॅमेऱ्यांच्या पोटात ती सुखेनैव नांदत होती. अशी दहा लाखांहून अधिक ठिकाणे एका आठवड्यात इंटरनेटवर उघडी दिसली. सामान्य घरातील बेवारस पेटी शत्रूला खांदा म्हणून हवी असते, बंदूक तिच्यावरून दुसरीकडेच रोखलेली असते. चोराला काय मिळणार, या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

यावर ‘चिनी मालावर बहिष्कार टाका’ एवढी एकच घोषणा देऊन मोकळे होणाऱ्यांना दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘मिसफॉर्च्यून कुकी’ची सदोष आज्ञावली अमेरिकी होती, पेट्या तैवानी आणि चिनी होत्या आणि त्या वापरणारे सेवादाते जगभरचे होते. परदेशी पेटी आणायची, तिच्यावर संस्कृत नावाची चिकटपट्टी लावायची आणि आतील एक ओळही वाचता येऊ नये, याला स्वदेशी म्हणणे हा शब्दाचा अवमान आहे. ज्याची दुरुस्ती आपल्या हाती, ते स्वदेशी. हे स्वप्नरंजन नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ने धूळ आणि उन्हाळा सोसणारे, वातानुकूलनाविना चालणारे ग्रामीण दूरध्वनी केंद्र सिद्ध केले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते कार्यान्वितही केले. ज्यांनी खेड्याचे टेलिफोन केंद्र घडवले, त्यांच्या वारसांना घरातील एक पेटी घडवता आणि सांभाळता येणार नाही काय?

कायद्याची स्थिती तर विचित्रच आहे. कॅमेऱ्यांच्या बाबतीत शासनाने जाग दाखवली; एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील सुरक्षाचाचणी त्यांना बंधनकारक झाली. राऊटरसाठीही बंगळुरूच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने निकष तयार केले; परंतु सक्तीची मुदत एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये एक उत्तम आचारसंहिता प्रसिद्ध केली. एकसारखे पासवर्ड नकोत, दोष कळवण्याची सोय हवी, आज्ञावली अद्ययावत राहावी, असे सारे तिच्यात आहे. फक्त ती ऐच्छिक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाचे दायित्व आणले, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून व्यापारी वा आर्थिक नुकसान वगळले आहे. म्हणजे राऊटर तापून पडदा जळाला तर दाद मागता येईल. त्याच्या दोषामुळे खाते रिकामे झाले तर उत्पादक हात वर करण्यास मोकळा!

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच सोपा पासवर्ड देण्यास बंदी आहे आणि सुरक्षा-दुरुस्त्या किमान कोणत्या दिनांकापर्यंत मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर कालमर्यादा छापलेली असते, खोकल्याच्या बाटलीवर असते, राऊटरच्या खोक्यावर नसते. कालमर्यादा नसते असे मात्र कोणी समजू नये. डी-लिंकच्या काही व्यावसायिक राऊटरांची सेवा मे २०२४ मध्ये संपली. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यात दूरवरून ताबा घेऊ देणारा मेमरीचाच दोष निघाला, तेव्हा कंपनीने दुरुस्ती देण्यास नकार दिला, नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला आणि वर २० टक्के सवलत देऊ केली. सदोष माल विकल्यावर पुन्हा त्याच गिऱ्हाइकाला विकण्याची ही कला वाखाणण्याजोगी आहे.

शासन हलेल तेव्हा हलेल. काही गोष्टी या आठवड्यात होण्यासारख्या आहेत. राऊटरचा मूळ पासवर्ड बदलावा. हा वाय-फायच्या पासवर्डहून निराळा असतो, आणि गफलत होते ती येथेच. दुरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद करावी. पेटीचा नमुना क्रमांक पाहून तिची आज्ञावली अद्ययावत होते की नाही, हे सेवादात्याला लेखी विचारावे. होत नसेल तर पेटी बदलून मागावी. ७५४७ चे दार जगासाठी बंद आहे काय, हा प्रश्नही त्याच पत्रात असावा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत तंत्रनिकेतन, आयटीआय केलेले तरुण आहेत. त्यांनी एका रविवारी आपल्या आळीतील वीस घरे केली, तरी हे काम होते; ज्येष्ठांच्या घरांपासून प्रारंभ करावा, कारण फसवणुकीचा घाव तेथे सर्वांत खोल बसतो.

आणि ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था यांच्या कारभारात ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी पुढच्या खरेदीच्या निविदेत एवढी ओळ घालून घ्यावी : ‘पुरवठादाराने उपकरणाच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा अंतिम दिनांक लेखी द्यावा, त्या दिनांकापूर्वी दुरुस्ती न मिळाल्यास उपकरण विनामूल्य बदलून द्यावे.’