गच्चीवरचे ऊन, नळातले थंड पाणी

बेंगळूरु किंवा पुण्यातील पंधरा-वीस वर्षे जुन्या निवासी संकुलांच्या गच्चीवर सौर जलतापकांच्या रांगा सहज दिसतात. कागदोपत्री अशी इमारत ऊर्जाबचतीच्या बाबतीत आदर्श ठरते. मालमत्ता करातील सवलत, वीजजोडणी किंवा भोगवटा प्रमाणपत्र यांपैकी काही ना काही या रांगांच्या बळावर मिळालेले असते. पण हिवाळ्यात सकाळी खालच्या मजल्यांवर नळ सोडला की बादलीभर थंड पाणी वाहून गेल्यावरच कोमट पाण्याची चाहूल लागते. म्हणून अनेक स्नानगृहांत भिंतीवर विजेचा गिझरही असतो. अशा घराने गरम पाण्यासाठी दोनदा पैसे मोजलेले असतात: एकदा सदनिकेच्या किमतीतून सामायिक यंत्रणेसाठी आणि पुन्हा गिझर व त्याच्या वीजबिलासाठी.

ही अवस्था का आली, हे समजून घेण्यासाठी आपण या क्षेत्रात काय मोजत आलो, ते पाहावे लागते. 2010 साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाने 2022 पर्यंत 2 कोटी चौरस मीटर सौर औष्णिक संग्राहक बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्टाचे एकक क्षेत्रफळ हेच होते. 2014 पर्यंत दिले गेलेले भांडवली अनुदानही बसवलेल्या यंत्रासाठी होते, नळापर्यंत पोहोचलेल्या उष्णतेसाठी नव्हते. बेंगळूरुत वीज वितरण कंपनीने 2007 पासून ठरावीक आकाराहून मोठ्या नव्या घरांच्या वीजजोडणीला सौर जलतापकाची अट घातली, पुणे महापालिकेने मालमत्ता करात सूट दिली. हे निर्णय आपापल्या जागी योग्यच होते. 100 लिटर क्षमतेचा जलतापक वर्षाला सुमारे 1,500 युनिट वीज वाचवू शकतो, हा सरकारी प्रचारातला आकडा स्वतंत्र बंगल्याच्या बाबतीत अवास्तव म्हणता येणार नाही. तिथे टाकी आणि नळ यांच्यात दहा-बारा मीटरचेच अंतर असते. तोच हिशेब चौदा मजली इमारतीला लावला गेला आणि घोळ तिथे झाला.

साधे गणित पाहू. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 4 युनिट उष्णता लागते. 25 मिलिमीटर व्यासाच्या नळात दर मीटरला अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीवरील टाकीपासून खालच्या मजल्यावरील घर 40 मीटर दूर असेल, तर प्रत्येक वेळी 20 लिटर थंडावलेले पाणी आधी बाहेर काढावे लागते. बहुतेकदा ते मोरीतच जाते. यावर उपाय म्हणून काही विकासक पाणी सतत फिरते ठेवणारा पंप आणि परतीची वाहिनी बसवतात. त्यामुळे नळाला पाणी लगेच गरम येते, पण मग सबंध इमारतीची नळवाहिनी चोवीस तास तापलेली राहते. उष्णतारोधक आवरण नसलेल्या अशा वाहिनीतून, आतले पाणी 55 अंश आणि बाहेरची हवा 20 अंश असताना, दर मीटरला सुमारे 30 वॅट उष्णता हवेत जाते. वाहिनीची एकूण लांबी 300 मीटर धरली, तर हे नुकसान 9 किलोवॅट, म्हणजे दिवसाला 216 युनिट होते. एवढ्या उष्णतेत 5,400 लिटर पाणी तापले असते. इमारतीत 48 घरे असतील आणि प्रत्येक घर दिवसाला 100 लिटर गरम पाणी वापरत असेल, तर रहिवाशांपर्यंत पोहोचणाऱ्या उष्णतेपेक्षा नळांतून उडून जाणारी उष्णता अधिक ठरते. रात्रभर टाकी रिकामी करण्याचे काम पंप इमानेइतबारे करतो. पहाटे टाकीतली विजेची कॉइल सुरू होते आणि तिचे बिल सामायिक मीटरवर चढून देखभाल खर्चात मिसळून जाते.

उपायही तितकाच साधा आहे. नळांना जाड आवरण घालून पंप सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तासच चालवला, तर हे नुकसान दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणता येते. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव मात्र लागतो.

गाडे इथेच अडते. टाकी गच्चीवर असल्याने वरच्या मजल्यांना पाणी आधी आणि गरम मिळते. त्यांना खर्चाचा उत्साह नसतो. खालच्या मजल्यांनी गिझर बसवून आपला प्रश्न सोडवलेला असतो. आता जुन्या यंत्रणेवर आणखी पैसे का घालायचे, हा त्यांचा सवाल. भाड्याने राहणारा गिझरचे वीजबिल भरतो, पण मत घरमालकाचे. आणि मालक दुसऱ्या शहरात असतो किंवा परदेशात. कार्यकारी समितीवरील मंडळी तरीही निविदा मागवतात, तेव्हा पुरवठादार गच्चीवरचे संग्राहक बदलण्याचा प्रस्ताव देतो. नवे संग्राहक दिसतात, त्यांचे छायाचित्र काढता येते. भिंतीतल्या नळांना आवरण घालणे हे किचकट आणि कमी नफ्याचे काम. त्यामुळे लाखो रुपये खर्चून झाल्यावरही दुसऱ्या मजल्यावरची बादली पूर्वीसारखीच थंड राहते.

सामूहिक उष्णतेचा हा पेच आपल्यापुरता नाही. सोव्हिएत काळातील गृहसंकुलांत घरातील उष्णता कमी-जास्त करण्याची सोयच नसे. उकडू लागले की लोक हिवाळ्यात खिडक्या उघडत. पश्चिम जर्मनीने 1981च्या नियमावलीने यातला मर्म ओळखला: सामायिक तापनयंत्रणेच्या खर्चापैकी 50 ते 70 टक्के वाटा प्रत्यक्ष वापरानुसार आणि उरलेला मुख्यतः क्षेत्रफळानुसार आकारायचा. सगळा खर्च वापरावर लावलेला नाही, कारण नळांतली गळती हा कुणा एकाचा दोष नसतो आणि दुसरीकडे, क्षेत्रफळावर सगळा लावला की काटकसरीला अर्थ उरत नाही. ब्रिटनने या बाबतीत फार उशीर केला. तेथील स्पर्धा नियामकाने 2018 साली केलेल्या पाहणीत सुमारे 14,000 सामायिक उष्णता जाळी आणि जवळपास पाच लाख ग्राहक आढळले. गॅस आणि विजेच्या ग्राहकांना नियामकाचे जे संरक्षण होते, ते या ग्राहकांना नव्हते. अखेर 2023च्या ऊर्जा कायद्याने हे क्षेत्र ऑफजेम या ऊर्जा नियामकाच्या कक्षेत आणले गेले.

आपल्याकडे ही जबाबदारी कोणाची? ऊर्जा संवर्धन कायद्यातील 2022च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आल्या. 100 किलोवॅट जोडभाराची मर्यादा पाहता मोठी संकुले त्यात सहज बसतात. पण संहितेचा रोख नव्या बांधकामावर आहे. उभ्या असलेल्या लाखो सदनिकांचे व्यवहार राज्यांच्या कायद्यांनी चालतात: महाराष्ट्रात सहकारी संस्था कायदा आणि आदर्श उपविधी, कर्नाटकात 1972चा, तर उत्तर प्रदेशात 2010चा अपार्टमेंट कायदा. महाराष्ट्राच्या उपविधींत पाण्याचा आकार नळजोडण्यांच्या संख्येवर आणि आकारावर ठरतो. उष्णता ही स्वतंत्र बाब त्यात नाहीच. कार्यक्षमतेचे निकष केंद्राने ठरवायचे आणि पैशाचा ठराव राज्याच्या कायद्याखालील संस्थेने करायचा, या दोहोंमधल्या जागेत आपली यंत्रणा गंजत पडली आहे.

या विषयाला आज वेगळी निकड आली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये साहाय्य मिळते आणि गच्चीवर वीजनिर्मिती करणाऱ्या फलकांची स्पर्धा थेट जुन्या जलतापकांशी सुरू झाली आहे. तांत्रिकदृष्ट्या फलकांची बाजू लंगडी नाही. फलक उन्हातील सुमारे 20 टक्के ऊर्जेची वीज करतो, पण ती हीट पंपाला दिली तर एका युनिटमागे तीन युनिट उष्णता मिळू शकते. म्हणजे फळ चांगल्या औष्णिक संग्राहकाच्या बरोबरीने येते. शिवाय उन्हाळ्यात संग्राहक जवळपास बेकार पडतात, फलकांची वीज तेव्हाही कामी येते. ग्राहक हक्क नियमांतील 2023च्या दुरुस्तीने सौर तासांत वीज स्वस्त ठेवण्याचे धोरण स्वीकारले आहे. दुपारच्या स्वस्त विजेवर तापवलेली पाच हजार लिटरची टाकी ही एक प्रकारे साठवण बॅटरीच आहे, आणि लिथियमपेक्षा पुष्कळ स्वस्त. हिवाळी सकाळी गिझरमुळे वाढणारी विजेची मागणी दुपारकडे सरकवण्याचे याहून सोपे साधन आपल्या वितरण कंपन्यांपाशी नाही.

पण हीट पंपही त्याच उघड्या नळांना जोडला, तर दिवसाला 216 युनिटांची गळती तशीच राहील. फक्त त्यासाठी लागणारी वीज 72 युनिटांवर येईल. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वाहिनीवर प्रवाह आणि तापमान मोजणारा उष्णता मापक, मग आवरण आणि पंपाची वेळ, आणि सर्वांत शेवटी यंत्रबदल. मापकाचे दुसरेही मोल आहे. गृहनिर्माण संस्थेपाशी बँकेला तारण देण्यासारखे फारसे नसते. बचतीतून वसुली करणाऱ्या ऊर्जा सेवा कंपन्या हा मार्ग सुचवला जातो, पण बचत सिद्ध करायलाच साधन नसेल तर करार कशाच्या आधारे करणार? सूर्यघर योजनेच्या साहाय्याला सामायिक गरम पाण्याच्या यंत्रणेत मापक बसवण्याची अट जोडली, तर केंद्राला नवा कायदा न करताही पहिले पाऊल उचलता येईल. राज्यांनी उपविधींत जर्मन धर्तीवर विभागणीचे सूत्र घालणे हे त्यापुढचे.

नव्या इमारतींपुरते एक हत्यार तर आजही हाताशी आहे. स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14(3)नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जात किंवा सेवांच्या तरतुदीत दोष आढळला, तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. गच्चीवरच्या टाकीत 55 अंश आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला 30 अंश, असे तापमान नोंदवलेला साधा कागद तक्रारीसोबत जोडणारे संघ विरळाच. बहुतेकांचा पाचवा हिवाळा गिझरच्या भरवशावर निघून जातो आणि त्यानंतर तो दोष कायद्याने संस्थेचा होतो.