माथ्यावरून पुढे कुठे?

सुटीत महाबळेश्वरचा घाट चढू लागलो की आपली मुले गाडीची काच खाली करतात. हवा गार होते, झाडे बदलतात. हजार मीटर चढलो की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणूनच डोंगराच्या टप्प्याटप्प्यावर वेगवेगळे जीव राहतात.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात पान्तियाकोया नावाचा डोंगर आहे. १९८५ मध्ये अभ्यासकांनी त्याच्या पायथ्यापासून सुमारे १४०० मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत पक्ष्यांची नोंद केली. २०१७ मध्ये दुसरे पथक त्याच वाटेने चढले. हवा तापल्याने बरेच पक्षी वर सरकले होते. माथ्यावरच्यांना मात्र वर जागाच उरली नव्हती. पूर्वी तिथे सहज दिसणारे काही पक्षी आता सापडलेच नाहीत.

हे कळले, कारण १९८५ मध्ये कुणीतरी नोंदी नीट करून ठेवल्या होत्या. यंदा घाटात थांबलो की आपणही मुलांच्या हाती एक वही देऊ या. तारीख, ठिकाण, दिसलेला पक्षी, एवढेच लिहायचे. ही सृष्टी आपल्याकडे अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब ठेवावाच लागतो.