महासंगणकांच्या बातमीत न दिसणारा सांधा

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे राष्ट्रार्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातील हा एक ठळक टप्पा होता. खर्च, वेग, स्वदेशी बनावट यांविषयी पुष्कळ छापून आले आणि ते योग्यच होते. मात्र अशा यंत्रासमोर बसणारा संशोधक विद्यार्थी नेमके काय लिहितो आणि त्याने लिहिलेले प्रत्यक्षात कोण गणते, हा प्रश्न त्या बातम्यांत कोठेही नव्हता. भारतीय विज्ञानाच्या विश्वासार्हतेचा एक मोठा भाग याच प्रश्नात दडलेला आहे.

विद्यार्थी बहुधा पायथनच्या आठ-दहा ओळी लिहितो. ‘हे समीकरण सोडव’ असे त्यातील एक ओळ सांगते. ते सोडवते मात्र दुसरेच कोणी. नम्पाय किंवा सायपाय हे पायथनमधले संच ती आज्ञा खाली, फोरट्रान किंवा सी भाषेत लिहून कम्पाइल केलेल्या लायब्ररीकडे पोचवतात. रेषीय बीजगणिताच्या मूलभूत क्रियांची ‘ब्लास’ ही मांडणी १९७९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यावर उभी असलेली ‘लॅपॅक’ ही लायब्ररी १९९२ साली आली. आजही जगभरातील असंख्य गणिते शेवटी त्याच घराण्यातील कोडवर येऊन थांबतात. वरची भाषा आज्ञा देते, खालची भाषा राबते. या दोहोंच्या मध्ये एक सांधा असतो. भारतातील विज्ञानशिक्षणाने आजवर दुर्लक्षित ठेवलेली जागा ती हीच.

सांध्याच्या दोन बाजूंचे कायदे वेगळे आहेत. पायथन, जावा, सी-शार्प या भाषांत मेमरी कधी घ्यायची आणि कधी सोडायची, याची चिंता भाषेची स्वतःची यंत्रणा वाहते. अशा कोडला संगणकशास्त्रात व्यवस्थापित कोड म्हणतात. ही संज्ञा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटबरोबर रूढ झाली असली, तरी वृत्ती सर्वांची एकच आहे. सी आणि फोरट्रानच्या बाजूला असा पालक नाही. तेथे केवळ पत्ते आणि बाइट असतात. दिलेल्या पत्त्यावर जे सापडेल ते लायब्ररी निमूटपणे वाचते. ते पूर्णांक आहे की दशांश, जिवंत आहे की टाकून दिलेले, हे ती विचारत नाही. म्हणून सांध्यावरील चूक अनेकदा ओरडत नाही. ती नीटनेटके, सुबक आणि खोटे उत्तर देते.

पहिली फसगत प्रकाराची. पायथनसोबत २००६ पासून मिळणाऱ्या ‘सीटाइप्स’ या साधनाने कोणीही सीच्या लायब्ररीतील वर्गमूळाचे फलन थेट बोलावू शकतो. परंतु परत येणारे उत्तर दशांश आहे, हे स्पष्ट सांगितले नाही, तर सीटाइप्स ते पूर्णांक समजते आणि दोनच्या वर्गमूळाऐवजी एखादा निरर्थक पूर्णांक हाती ठेवते. लायब्ररी निर्दोष, पायथन निर्दोष, उत्तर चूक. हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पाच मिनिटांत करून पाहता येतो.

दुसरी फसगत रुंदीची. सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटच्या विंडोजवर ४ बाइटचा, तर ६४ बिटच्या लिनक्सवर ८ बाइटचा असतो. सी-शार्प आणि जावामधील ‘लाँग’ मात्र सर्वत्र ८ बाइटचा. नाव एक, मापे दोन. खुद्द नम्पायचा विंडोजवरील नेहमीचा पूर्णांक २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ३२ बिटचाच होता. ३२ बिटच्या चिन्हयुक्त पूर्णांकात सुमारे २१४ कोटींपर्यंतची संख्या मावते. १४० कोटी ही संख्या त्यात सुखाने बसते, पण अशा संख्यांच्या सारणीला दोनने गुणले, की २८० कोटींच्या जागी उणे १४९ कोटींच्या घरातील संख्या उभी राहते, तीही विनातक्रार. ज्या देशाच्या लोकसंख्येशी निगडित बहुतेक मोजण्या कोटींतच होतात, तेथील विद्यार्थ्याने ही मर्यादा पाठ्यपुस्तकातच भेटायला हवी.

तिसरी फसगत क्रमाची. पहिल्या ओळीत १, २ आणि दुसऱ्या ओळीत ३, ४ असलेली सारणी सी भाषा मेमरीत १, २, ३, ४ अशी ठेवते, तर फोरट्रान तीच सारणी स्तंभाप्रमाणे १, ३, २, ४ अशी ठेवते. नम्पाय आपल्या नेहमीच्या आज्ञांत हा फरक स्वतः सांभाळते. परंतु एखाद्या प्रयोगशाळेने आपले जुने फोरट्रान स्वतःच पायथनला जोडले आणि क्रमाकडे लक्ष दिले नाही, तर ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी होतात. सारणी आयताकृती असेल, तर मापे जुळत नाहीत आणि चूक उघडी पडण्याची शक्यता राहते. सारणी चौरस असेल, तर काहीच उघडे पडत नाही. त्यात भर अशी, की चाचणीसाठी विद्यार्थी हौसेने सममित सारणी घेतात. तिच्यात ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येते. चाचणी उत्तीर्ण होते आणि प्रबंधातील खरी सारणी मात्र उलटी सोडवली जाते.

चौथी फसगत मालकीची. वरच्या भाषेचा गार्बेज कलेक्टर वापरात नसलेली मेमरी झाडून काढतो. डॉटनेटमधला तर वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागीही हलवतो. खालच्या लायब्ररीने एखादा पत्ता जपून ठेवला आणि वरच्या बाजूने ती वस्तू टाकून दिली किंवा हलवली, तर लायब्ररी रिकाम्या घराचे दार ठोठावत राहते. याउलट लायब्ररीने स्वतः घेतलेली मेमरी वरच्या यंत्रणेला ठाऊकच नसते. ती लायब्ररीच्याच फलनाने परत केली नाही, तर रात्रभर चालणारे गणित पहाटे मेमरी संपून कोसळते. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो आणि आणखी मेमरीची मागणी नोंदवली जाते.

पाचवी फसगत भारतीय भाषांच्या थेट वाट्याची आहे. ‘नमस्ते’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो सहा चिन्हांचा आहे. यूटीएफ-८ मध्ये तो १८ बाइट घेतो, यूटीएफ-१६ मध्ये १२. ‘एक अक्षर, एक बाइट’ या इंग्रजीवर बेतलेल्या गृहीतकाने जागा राखली, तर शब्द मध्येच तुटतो. सी-शार्पमधून खालची लायब्ररी बोलावण्याच्या जुन्या रीतीत, वेगळे काही सांगितले नाही तर, मजकूर विंडोजच्या ‘अन्सी’ कोडपानातून जातो. त्या व्यवस्थेत देवनागरीसाठी कोडपान कधी नव्हतेच. परिणामी नेहमीच्या मांडणीत सांध्याच्या एका बाजूने मराठी नाव निघते आणि दुसऱ्या बाजूला प्रश्नचिन्हांची रांग पोचते. २०२२ मधील डॉटनेटच्या सातव्या आवृत्तीत आलेली नवी रीत मजकूर कोणत्या रूपात न्यायचा, हे स्पष्ट लिहायला भाग पाडते. स्वागतार्ह सुधारणा, परंतु जुनी रीत वापरणारा कोड अजून चालूच आहे.

एवढा तपशील प्रत्येकाने का शिकावा, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो हलका नाही. खालची गुंतागुंत झाकणे, हेच तर वरच्या भाषेचे प्रयोजन आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पेशी पाहाव्यात, पत्ते आणि बाइट मोजत बसू नये. शिवाय हा सांधाच नाहीसा करू पाहणाऱ्या भाषाही आल्या आहेत. २०१२ साली जाहीर झालेली ज्युलिया ही त्यांतील ठळक. तिच्या चार निर्मात्यांपैकी विरल शहा हे भारतीय आहेत. वरच्या भाषेची सोय आणि खालच्या भाषेचा वेग एकाच ठिकाणी मिळावा, ही तिची प्रतिज्ञा आणि बऱ्याच अंशी ती पुरीही झाली. तरीही ज्युलियामध्ये सीची फलने थेट बोलावण्याची सोय पहिल्यापासून आहे आणि तिचे रेषीय बीजगणित आजही ब्लास व लॅपॅकचा आधार घेते. कारण साधे आहे. अनेक दशके तावूनसुलाखून निघालेला कोड कोणी शहाणा माणूस फेकून देत नाही. सांधा पुसला जात नाही, तो फक्त जागा बदलतो.

आक्षेपातील खरा भाग असा, की प्रत्येकाने असे सांधे बांधायला शिकण्याची गरज नाही. परंतु सांधा आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्याला भिंग घासता येत नसले तरी चालते, मात्र भिंगाने आकृती विकृत होऊ शकते, हे त्याला माहीत असावे लागते. ग्रहयानांची स्थिती गणण्यासाठी जगभर वापरली जाणारी नासाची ‘स्पाइस’ प्रणाली पाहावी. ती मुळात फोरट्रानमध्ये लिहिली गेली, तिथून सीमध्ये उतरवली गेली आणि आता ‘स्पाइसीपाय’ हा संच सीटाइप्सच्या मदतीने तिला पायथनमध्ये आणतो. विद्यार्थ्याच्या एका ओळीखाली असे तीन मजले आहेत. ही प्रणाली कोन रेडियनमध्ये मानते. विद्यार्थ्याने अंश दिले, तर तिन्ही मजले ती संख्या विश्वासाने खाली नेतात, कारण त्यांना संख्या दिसते, एकक दिसत नाही. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावले गेले, ते अशाच अदृश्य एककापायी. जमिनीवरील एक आज्ञावली आवेग पाउंड-सेकंदांत देत होती आणि तो घेणारी दुसरी आज्ञावली त्याला न्यूटन-सेकंद समजत होती. ते दोन भाषांचे भांडण नव्हते. देवाणघेवाणीचा करार लिहिलेला होता, पण तपासला गेला नव्हता.

भारतापुढील काम पाहता हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. गुरुत्वीय लहरींच्या शोधात भारताचा वाटा जुना आहे. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली या लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्यासाठीच्या गाळण्यांवर पायाभूत काम प्रसिद्ध केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली गेली, तेव्हा तिच्या विश्लेषणात ‘पायसीबीसी’ हा पायथन संच होता आणि त्याच्या पोटात सी भाषेतील लायब्ररी राबत होत्या. अंतरातील एक हजार ट्रिलियन भागांच्या दशलक्षाव्या भागाएवढा बदल जेथे मोजायचा, तेथे सांध्यावर संख्येची रुंदी किंवा क्रम चुकणे परवडत नाही. ते काम तेथे निभावले, कारण सांधे जाणणारी माणसे दोन्ही बाजूंना होती.

अशी माणसे घडवण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. विज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात जेथे पायथन शिकवले जाते, तेथे प्रत्येक सत्रात एक प्रात्यक्षिक सांध्याचे असावे. सीमधील एक छोटे फलन लिहावे, कम्पाइल करावे, पायथनमधून बोलवावे आणि मग मुद्दाम चुकीचा प्रकार देऊन काय घडते ते वहीत नोंदवावे. चाचणीसाठी असममित सारणी, ३२ बिटच्या पलीकडची संख्या आणि देवनागरीतील एक नाव, एवढे तीन नमुने अनिवार्य करावेत. दहा लाख आकडे द्यायचे असतील, तर दहा लाख वेळा सांधा ओलांडायचा की एकदाच पूर्ण सारणी न्यायची, याचा वेळ घड्याळ लावून मोजायला सांगावा. वेगाचा धडा तेवढ्यातच मिळून जातो.

प्रबंधांत आणि शोधनिबंधांत कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली, हे उपकरणाच्या नावाइतक्याच सहजपणे लिहिले जावे. संशोधन संस्थांनी जुने फोरट्रान नव्या भाषांना जोडणाऱ्या कोडची जबाबदारी एखाद्या विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या मुक्कामावर सोडू नये. तो उत्तीर्ण होऊन गेला, की सांधा अनाथ होतो. त्यासाठी कायम पद हवे, त्या पदाला संशोधनाइतकाच मान हवा आणि बढतीच्या निकषांत त्या कामाची नोंद हवी. महासंगणकासाठी जो निधी मंजूर होतो, त्याचा एक छोटा हिस्सा अशा पदांसाठी आरंभीच राखून ठेवला, तर यंत्राच्या किमतीचे सार्थक होईल.

महासंगणक काही वर्षांत जुना होतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. चांगली लिहिलेली लायब्ररी तीस-चाळीस वर्षे टिकते. दोहोंना जोडणारा कोड मात्र दर नव्या यंत्राला आणि दर नव्या भाषेला पुन्हा तपासावा लागतो, आणि तो तपासणारा माणूस आज देशाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर दिसत नाही. पुढच्या महासंगणकाच्या राष्ट्रार्पणाच्या बातमीत वेगाच्या आकड्याशेजारी अशा किती पदांना मंजुरी मिळाली, हाही आकडा वाचकांनी शोधावा. तो सापडला नाही, तर विचारावा.